पेठेतील पादचारी आणि त्याचे गणित

शहराच्या बाजारपेठेत पायी फिरणारी माणसे कोणत्या बाजूने शिरतात, किती वेगाने चालतात, कोठे रेंगाळतात, कोणत्या दुकानाची पायरी चढतात आणि कोणती गर्दी पाहून वाट बदलतात, यामागील नियम शोधून ते गणिताच्या अथवा संगणकाच्या साहाय्याने मांडण्याच्या शास्त्राला पादचारी वर्तनाचे प्रतिमानीकरण म्हणतात. प्रतिमान म्हणजे वास्तवाची हेतुपूर्वक सोपी केलेली प्रतिकृती. रस्ता वाहनांना बंद केला, मंडईला नवे दार काढले, फेरीवाल्यांना दुसरीकडे बसवले किंवा दुचाकींचे वाहनतळ हलवले, तर माणसांची ये-जा कशी बदलेल हे प्रत्यक्ष तोडफोड करण्यापूर्वी अजमावता यावे, एवढाच तिचा हेतू असतो. या शास्त्राला पाश्चात्त्य देशांत अर्धशतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे. परंतु ज्या पेठांमध्ये त्याची निकड अधिक आहे, त्या पेठांच्या भाषेत ते फारसे आलेले नाही. सातारा आणि सांगली ही दोन शहरे समोर ठेवून या विषयाची ओळख करून देण्याचे कारण असे की, या शास्त्रातील बहुतेक सूत्रे ज्या गृहीतकावर उभी आहेत, ते गृहीतकच या दोन शहरांत डळमळीत होते. चालणारा माणूस कोठून तरी निघालेला असतो, कोठे तरी पोचणार असतो आणि मधला रस्ता त्याला लवकर संपवायचा असतो, असे ती सूत्रे धरून चालतात. साताऱ्याच्या राजपथावर किंवा सांगलीच्या मारुती रस्त्यावर संध्याकाळी आलेल्या कुटुंबाला मात्र रस्ता संपवायचा नसतो. चालणे हा त्याच्या खरेदीचाच भाग असतो, आणि त्याचे थांबणे हे त्याच्या चालण्याइतकेच मोजण्याजोगे असते.

दोन्ही शहरांची ठेवण प्रथम ध्यानात घ्यावी लागते. १७०८ मध्ये राज्याभिषेक झालेल्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले सातारा हे उतारावरचे शहर आहे. पोवई नाका आणि राजवाडा यांना जोडणारे दोन मुख्य रस्ते, म्हणजे राजपथ आणि कर्मवीर पथ, उतारावर एकमेकांच्या वर-खाली जवळजवळ समांतर जातात, म्हणून सातारकर त्यांना वरचा रस्ता आणि खालचा रस्ता असेच म्हणतात. या दोहोंमध्ये चढ-उताराच्या लहान गल्ल्या आहेत, आणि मोती चौक, कमानी हौद अशा ठिकाणी माणसांचे प्रवाह एकमेकांत मिसळतात. सांगलीची गोष्ट निराळी आहे. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी १८०१ मध्ये मिरजेहून वेगळ्या झालेल्या संस्थानाची राजधानी म्हणून वसवलेले हे शहर कृष्णाकाठच्या सपाटीवर, गणपती मंदिर आणि घाट यांच्या आसऱ्याने वाढले. गणपती पेठेत घाऊक व्यापार, कापड पेठेत कापड, त्यांना लागून हरभट रोड, मारुती रोड आणि शिवाजी मंडईचा परिसर, अशी व्यापाराची जवळजवळ लागलेली ठिकाणे तेथे आहेत. गणपती पेठेत डोक्यावर पोते घेतलेला हमाल, हातगाडी, मालाचा टेम्पो आणि किराणा भरायला आलेली गृहिणी एकाच रुंदीत वावरतात. २०११ च्या जनगणनेनुसार सातारा नगरपालिका हद्दीची लोकसंख्या सुमारे १ लाख २० हजार, तर सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेची ५ लाखांहून थोडी अधिक होती. पेठेतील माणसे मात्र या आकड्यांत मावत नाहीत, कारण त्यांतील मोठा वाटा तालुक्यांतून आणि खेड्यांतून सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांचा असतो.

शास्त्राचा पाया तीन राशींवर आहे. एका चौरस मीटर जागेत किती माणसे आहेत ती घनता, ती किती झपाट्याने पुढे सरकतात तो वेग, आणि एक मीटर रुंदीतून एका सेकंदात किती माणसे पार होतात तो प्रवाह. घनता आणि वेग यांचा गुणाकार केला की प्रवाह मिळतो. झुरिक येथील उल्रिश वाइडमान यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी अनेक देशांतील मोजण्या एकत्र करून दाखवले की, मोकळ्या जागेत माणूस सरासरी सेकंदाला १.३४ मीटर वेगाने चालतो, घनता वाढत जाईल तसा हा वेग कमी होतो आणि चौरस मीटरला सुमारे ५.४ माणसे झाली की चालणे थांबते. त्यांच्या सूत्राने हिशेब केला तर चौरस मीटरला पावणेदोन माणसे असताना सर्वाधिक माणसे पार होतात. त्याच जागेत चार माणसे कोंबली तर पार होणाऱ्यांची संख्या निम्म्यावर येते. दुकानदाराच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, कारण दुकानासमोर दिसणारी दाट गर्दी म्हणजे अधिक गिऱ्हाईक असा जो सार्वत्रिक समज आहे, तो एका मर्यादेपलीकडे खरा राहत नाही. त्या मर्यादेनंतर माणसे दुकानासमोर असतात, पण दुकानापर्यंत पोचत नाहीत.

अमेरिकेतील अभियंते जॉन फ्रुइन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पादचारी नियोजनावरील ग्रंथात या राशींना सेवापातळीचे रूप दिले, म्हणजे मोकळेपणाने चालता येणाऱ्या अवस्थेपासून पूर्ण कोंडीपर्यंत सहा पायऱ्या ठरवल्या. त्यांनी माणसाच्या देहाला लागणारी जागा खांद्यांच्या बाजूने सुमारे ६१ सेंटिमीटर आणि छातीपाठीच्या बाजूने ४६ सेंटिमीटर अशी धरली. ही मापे हातात घेऊन एखाद्या पदपथावर उभे राहिले की पुष्कळ गोष्टी उलगडतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या पादचारी सुविधांविषयीच्या संहितेत चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितलेली आहे. समजा, ती कोठे तरी खरोखरच मिळाली. दुकानदाराने साडी नेसवलेला पुतळा पायरीखाली आणून ठेवला, त्याच्या बाजूला सवलतीचा फलक उभा केला, की अर्धा मीटर गेला. पुतळ्याकडे पाहत, पदराचा पोत दोन बोटांनी चाचपत उभ्या राहिलेल्या दोघींनी आणखी अर्धा मीटर घेतला. उरले ०.८ मीटर. त्यातून एक माणूस जातो, समोरासमोर आलेली दोन माणसे जाऊ शकत नाहीत, आणि ज्याच्या दोन्ही हातांत पिशव्या आहेत तो एकटाही अडखळतो. त्यामुळे तो पदपथ सोडून रस्त्यावर उतरतो, आणि उतरल्यावर त्याला दुकानाशी काटकोनात लावलेल्या दुचाकींची दोन मीटर खोल रांग ओलांडून थेट वाहनांत चालावे लागते. पदपथ असूनही लोक त्यावरून चालत नाहीत, ही तक्रार नगरपालिकांच्या सभांत वर्षानुवर्षे होत आली आहे. लोकांना शिस्त नाही असा निष्कर्ष त्यातून काढणे अन्यायाचे आहे, कारण वरील वजाबाकी कोणीही टेप घेऊन करून पाहू शकतो. दुकानांच्या दर्शनी भागालगतच्या या न वापरता येणाऱ्या पट्ट्याला अभियंते मृत रुंदी म्हणतात आणि बाजारपेठेत तिच्यासाठी सुमारे १ मीटर जादा धरावा असे जुन्या संहितेतही सांगितलेले होते.

परदेशी आकडे जसेच्या तसे उचलता येतात का, हा प्रश्न येथे उपस्थित होतो, आणि त्याचे नेमके उत्तर भारतीय प्रयोगातून मिळाले आहे. उज्ज्वल चट्टराज, आर्मिन सेफ्रीड आणि पार्थ चक्रवर्ती यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जर्मनीतील आणि भारतातील स्वयंसेवकांना एकेरी रांगेत, लंबवर्तुळाकार मार्गावर चालायला लावून वेग आणि घनता यांचे नाते तपासले. घनता वाढली तरी भारतीयांचा वेग जर्मनांइतका घटला नाही, आणि भारतीय माणसे एकमेकांच्या अधिक जवळून चालली. म्हणजे जर्मन सूत्राने काढलेली क्षमता येथे चुकीची ठरते, आणि सोयीची पातळीही तेथल्या मापाने ठरवता येत नाही. तथापि या निष्कर्षाचा अर्थ आपल्याकडच्या माणसाला कमी जागा पुरते असा लावणे घातक ठरेल. दाटीत चालण्याची सवय असणे आणि दाटीत चालणे सुरक्षित असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०१७ मध्ये तयार झालेल्या भारतीय महामार्ग क्षमता संहितेत पादचाऱ्यांच्या सेवापातळीसाठी भारतीय मापे देण्याचा प्रयत्न झाला, ही त्या दृष्टीने स्वागतार्ह घटना होय.

एकेका माणसाच्या हालचालीचे वर्णन करणाऱ्या प्रतिमानांत सर्वांत प्रसिद्ध आहे ते डिर्क हेल्बिंग आणि पेटर मोल्नार यांनी १९९५ मध्ये मांडलेले सामाजिक बलाचे प्रतिमान. माणसावर जणू काही बले काम करतात अशी त्यात कल्पना आहे: इच्छित स्थळाकडे नेणारे एक बल, इतर माणसांपासून आणि भिंतींपासून दूर ढकलणारे दुसरे, आणि ओळखीच्या माणसांकडे किंवा दुकानाच्या शोकेसकडे ओढणारे तिसरे, जे वेळ जाईल तसे ओसरते. या साध्या मांडणीतून संगणकाच्या पडद्यावर अशा गोष्टी आपोआप घडतात, ज्या कोणी शिकवलेल्या नसतात. उदाहरणार्थ, समोरासमोर येणाऱ्या दोन प्रवाहांतील माणसे कोणी न सांगता वेगवेगळ्या पट्ट्यांत विभागली जातात, आणि अरुंद दारातून कधी आतली माणसे बाहेर येतात, तर कधी बाहेरची आत जातात. मूळ मांडणीत असलेले आकर्षणाचे बल मात्र पुढच्या पुष्कळशा वापरात बाजूला पडले, कारण स्थानके आणि सभागृहे रिकामी करण्याचे प्रश्न सोडवताना त्याची गरज भासली नाही. सातारा-सांगलीच्या पेठेसाठी तेच बल सर्वांत आधी मोजले पाहिजे.

याच प्रतिमानाची दुसरी मर्यादा म्हणजे त्यातील माणूस एकटा असतो. मेहदी मुसाईद आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये फ्रान्समधील निरीक्षणांवरून दाखवले की, रस्त्यावरील गर्दीतली सत्तर टक्क्यांपर्यंत माणसे कोणाच्या ना कोणाच्या सोबत चालत असतात. बोलता यावे म्हणून ती शेजारीशेजारी चालतात, दाटी वाढली की मधला माणूस किंचित मागे राहून इंग्रजी व्ही अक्षरासारखी रचना होते, आणि या सोबतीमुळे साऱ्या प्रवाहाचा वेग घटतो. लग्नाचा बस्ता काढायला निघालेले कुटुंब डोळ्यांसमोर आणले की या संशोधनाची व्याप्ती किती वाढवावी लागेल हे कळते. वधूची आई, मावशी, काकू, वराकडच्या दोघी, त्यांच्या मागे पिशव्या धरलेला मुलगा आणि सर्वांत शेवटी पैसे सांभाळणारे वडील अशा दहा-बारा जणांचा तो घोळका एका दुकानासमोर थांबतो, त्यातले निम्मे आत जातात, उरलेले पायरीवर थांबतात, आतून निरोप आला की पुढे सरकतात किंवा आधी पाहिलेल्या दुकानात परत जातात. या घोळक्याला ठराविक इच्छित स्थळ नाही, एकच वेग नाही, आणि त्याचा निर्णय कोणा एकाचा नाही. सरकत-थांबत जाणाऱ्या अशा समूहाला एक मोठा माणूस मानून गणित करावे, की दहा माणसांमध्ये ताणल्या जाणाऱ्या दोऱ्या कल्पाव्यात, हा प्रश्न पुस्तकी वाटला तरी लग्नसराईतील कापड पेठेच्या रुंदीचे उत्तर त्याच्यावर अवलंबून आहे.

जागेचे लहान चौकोन पाडून प्रत्येक क्षणी माणूस शेजारच्या कोणत्या रिकाम्या चौकोनात जाईल हे नियमांनी ठरवणारी सेल्युलर ऑटोमाटा नावाची पद्धत गणनेला हलकी आहे, म्हणून महाविद्यालयीन प्रकल्पांसाठी ती सोयीची ठरते. तिच्यात पायरी, ओटा, उतार किंवा दुचाकी यांना निषिद्ध अथवा मंद चौकोन म्हणून दाखवता येते, एवढे येथे पुरे.

खरेदीदाराच्या मनाकडे वळणारी प्रतिमाने वेगळ्या परंपरेतून आली. नेदरलँड्समधील अलॉइस बॉर्गर्स आणि हॅरी टिमरमन्स यांनी १९८६ मध्ये मास्ट्रिच्ट शहराच्या मध्यवर्ती बाजारासाठी जे प्रतिमान मांडले, ते या विषयातील पायाभूत काम होय. माणूस बाजारात कोठून शिरतो, त्याच्या यादीत कोणत्या वस्तू आहेत, त्या कोणत्या रस्त्यावर घ्यायच्या हे तो कसे ठरवतो आणि वाटेत न ठरवता कोठे थांबतो, असे चार धागे त्यांनी एकत्र गुंफले. त्यातील शेवटचा, म्हणजे उत्स्फूर्त थांब्याचा धागा, येथे अधिक मोलाचा आहे. पर्यायांमधून निवड कशी होते हे सांगण्यासाठी अशा प्रतिमानांत उपयोगितेची संकल्पना वापरतात: प्रत्येक पर्यायाला अंतर, दर, माल आणि ओळख यांवरून एक गुण दिला जातो आणि अधिक गुणाचा पर्याय निवडला जाण्याची शक्यता अधिक, असे मानले जाते. या तंत्राला भक्कम आधार देणारे डॅनियल मॅकफॅडन यांना २००० मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र सर्व पर्यायांचे गुण मनात मांडून निवड करणारा माणूस प्रत्यक्षात दुर्मीळ असतो. हर्बर्ट सायमन यांच्या मर्यादित विवेकाच्या सिद्धान्तानुसार माणूस पुरेसे चांगले सापडले की शोध थांबवतो, आणि टिमरमन्स यांनी पुढे सहकाऱ्यांसह बीजिंगच्या वांगफुजिंग रस्त्यावरील खरेदीदारांवर या दिशेने काम केले. सांगलीच्या सराफाकडे पिढ्यान्‌पिढ्या जाणारे घराणे पर्याय शोधतच नाही. त्याचे उधारीचे, विश्वासाचे आणि मोडीच्या सोन्याचे नाते एकाच पेढीशी असते, म्हणून त्याचा रस्ता दुकानांच्या आकर्षणाने ठरत नाही. भाजी घेताना तेच घराणे चार पाट्या फिरून भाव करते. एकाच माणसासाठी एकाच फेरीत दोन निराळी सूत्रे लागतात, याची दखल येथील प्रतिमानाने घेतलीच पाहिजे.

स्वीडिश भूगोलज्ञ टॉर्स्टन हेगरस्ट्रांड यांनी १९७० मध्ये मांडलेला काळ-अवकाशाचा विचार या दोन जिल्ह्यांत अक्षरशः दिसतो. माणूस ठरावीक वेळी ठरावीक ठिकाणी असणे भाग असते, आणि त्या दोन वेळांच्या मधल्या अवकाशात जेवढे अंतर चालून परतता येईल तेवढेच जग त्याला खुले असते, असे त्यांचे म्हणणे होते. जतहून सांगलीला किंवा मेढ्याहून साताऱ्याला आलेल्या माणसासाठी ही दोन टोके एसटीच्या वेळा ठरवतात. येणारी गाडी दुपारपूर्वी पोचते, परतीची शेवटची गाडी चुकून चालत नाही, आणि मधल्या वेळेत कचेरीतले काम, दवाखाना, बियाणे-औषधे, मुलांचे कपडे आणि जमल्यास एक वेळचा नाश्ता हे सारे बसवायचे असते. त्यामुळे दुपारनंतर स्थानकाच्या दिशेने जाणाऱ्या माणसाचा वेग, थांबण्याची तयारी आणि दराविषयीचा आग्रह हे तिन्ही तासागणिक बदलतात. दुचाकीवरून कामानंतर येणारा शहरातला खरेदीदार या हिशेबात बसत नाही. त्याचे टोक म्हणजे दुचाकी लावलेली जागा, आणि ती दुकानासमोरच मिळावी असा त्याचा हट्ट असतो. दोघांना पादचारी या एकाच शीर्षाखाली मोजले तर सरासरी निघते, पण ती कोणाचीच नसते. उसाचे बिल खात्यावर जमा होण्याचे आठवडे, पाडवा, अक्षय्य तृतीया, गणपती आणि दिवाळी यांनी ही प्रमाणे पुन्हा बदलतात, हे पेठेतल्या कोणत्याही जुन्या गुमास्त्याला कागदावाचून ठाऊक असते.

रस्त्यांच्या जाळ्याची रचनाच माणसांची ये-जा घडवते, दुकाने नंतर त्या ये-जेच्या मागे येतात, अशी लंडन येथील बिल हिलिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची भूमिका आहे. ती ज्युलियन हॅन्सन यांच्यासह १९८४ मध्ये लिहिलेल्या ग्रंथातून पुढे आली आणि अवकाश-विन्यास या नावाने ओळखली जाते. जो रस्ता इतर सर्व रस्त्यांपासून कमीत कमी वळणांनी गाठता येतो त्यावर अधिक माणसे येतात, असे तिचे सार आहे. सातारा या भूमिकेची चांगली कसोटी ठरू शकेल. वरचा आणि खालचा रस्ता नकाशावर जवळजवळ सारख्याच महत्त्वाचे दिसतात, दोन्ही टोके एकच आहेत, परंतु मधल्या गल्ल्यांना चढ आहे आणि नकाशावरील रेघ चढ दाखवत नाही. वयस्क माणूस खालून वर जाण्याऐवजी राजवाड्यापर्यंत सपाट जाऊन वळणे पसंत करील, तरुण मधूनच चढेल. वळणांच्या संख्येबरोबर उताराचाही हिशेब धरणारे प्रतिमान येथे लागेल. पोवई नाक्यावरची वाहनकोंडी फोडण्यासाठी बांधलेला आणि २०२१ मध्ये खुला झालेला ग्रेड सेपरेटर ही वाहनांची सोय झाली. नाक्यावरून पेठेकडे पायी निघालेल्या माणसाची वाट त्यामुळे किती सुकर झाली, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे आणि स्थानिक अभियांत्रिकी महाविद्यालयांनी तो अवश्य हाती घ्यावा.

सांगलीपुढे आणखी एक प्रश्न आहे, जो युरोपातील बहुतेक बाजारांना पडत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि पेठेतील रस्ते पाण्याखाली राहिले; २००५ आणि २०२१ मध्येही शहराने पूर पाहिला. पाणी चढत असताना माल वरच्या मजल्यावर हलवणारे दुकानदार, घर सोडणारी कुटुंबे आणि पाणी पाहायला येणारी माणसे एकाच अरुंद रस्त्यावर विरुद्ध दिशांनी जातात, आणि उपलब्ध रस्त्यांचे जाळे तासातासाने लहान होत जाते. सामान्य दिवसांवर आधारलेले प्रतिमान तेव्हा निरुपयोगी ठरते. कोणता रस्ता कोणत्या पातळीला बंद होतो याची माहिती पेठेतील माणसांच्या अनुभवात आहे. ती जाळ्याच्या नकाशावर उतरवली तर स्थलांतराचा क्रम आधीच ठरवता येईल.

घनतेचे गणित चुकले तर काय होते हे सातारा जिल्ह्याने पाहिले आहे. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवी येथे काळूबाईच्या यात्रेत झालेल्या चेंगराचेंगरीत आणि आगीत जवळपास ३०० माणसे मृत्युमुखी पडली. देवळाकडे जाणारी वाट अरुंद आणि चढाची होती, नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या आणि दोन्ही बाजूंना दुकाने होती. म्हणजे ती वाट त्या दिवशी यात्रेची होती तशीच बाजाराचीही होती. न्यायमूर्ती राजन कोचर यांच्या आयोगाने या दुर्घटनेची चौकशी केली. फ्रुइन यांनी १९९३ मध्ये लिहिले होते की, चौरस मीटरला सात माणसांच्या आसपास गर्दी द्रवासारखी वागू लागते. माणूस स्वतःच्या इच्छेने पाऊल टाकू शकत नाही, धक्क्याच्या लाटा त्याला उचलून नेतात. त्या अवस्थेत शिस्तीचे आवाहन व्यर्थ असते. घनता चारच्या पुढे जाऊ लागली की प्रवेश थांबवणे हाच उपाय असतो, आणि त्यासाठी घनता आधीपासून कोणी तरी मोजत असावे लागते. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी पेठेतल्या गल्लीत किती माणसे असतात हे मोजणारे कोणी असेल, तर दुर्घटना टाळण्याचा मार्ग निदान खुला राहतो.

मोजणी कशी करावी, याची कुशल पण स्वस्त पद्धत उपलब्ध आहे. रस्त्यावर एक काल्पनिक गणनारेषा ठरवून ती ओलांडणारी माणसे दर पाच मिनिटांनी दिशेनुसार नोंदवणे, ही सर्वांत जुनी आणि आजही विश्वासार्ह रीत होय. तिच्या जोडीला थांब्यांची नोंद हवी: एका ठराविक भागातील सर्व उभी माणसे दर पंधरा मिनिटांनी एकदा नकाशावर उमटवली, तर कोणता कोपरा किती वेळ अडतो ते दिसते. अमेरिकी अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांचे असेच निरीक्षण करून १९८० मध्ये दाखवले की, माणसांना सर्वाधिक आकर्षण इतर माणसांचे असते. छायाचित्रणाने काम सोपे होते, परंतु चेहरे आणि भ्रमणध्वनीचा माग ही खासगी माहिती आहे, आणि डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा झाल्यानंतर तिचा वापर जपूनच केला पाहिजे. मोजलेल्या आकड्यांवरून प्रतिमानातील अज्ञात किमती ठरवणे याला अंशशोधन म्हणतात, आणि न वापरलेल्या दिवसाच्या आकड्यांशी त्याचे भाकीत ताडून पाहणे म्हणजे पडताळणी. पडताळणीवाचून दाखवलेले रंगीत चलच्चित्र निर्णयाचा आधार होऊ शकत नाही, मग ते कितीही देखणे असो.

फेरीवाल्याला या शास्त्रात बहुधा अडथळा म्हणून दाखवले जाते. हे शास्त्रदृष्ट्याही अपुरे आहे, कारण तो जागा व्यापतो आणि माणसांना खेचतोही, म्हणजे एकाच वेळी दोन बलांचे केंद्र असतो. साताऱ्याच्या राजवाडा चौपाटीवरच्या खाद्यगाड्या उठवल्या तर संध्याकाळचा प्रवाहच निराळा होईल. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण आणि नियमन करणारा २०१४ चा कायदा शहर फेरीवाला समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचे असावेत असे सांगतो. त्या समितीच्या हाती पादचाऱ्यांचे आकडे असतील तर जागावाटपाचा वाद निदान मोजमापाच्या भाषेत होईल. दुसरीकडे, मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले आहे. दोन्ही हक्क एकाच सव्वा-दीड मीटर पट्टीवर येऊन भिडतात, आणि तेथे न्यायाचे काम करायचे तर मोजपट्टी लागते. व्यापाऱ्यांची भीतीही समजून घेतली पाहिजे: वाहने बंद केली तर गिऱ्हाईक तुटेल, असे त्यांना मनापासून वाटते. कोपनहेगनचा स्ट्रॉइएट रस्ता १९६२ मध्ये केवळ पादचाऱ्यांसाठी करताना तेथेही हीच भीती व्यक्त झाली होती. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग एक दिवस पादचाऱ्यांसाठी राखून ठेवण्याचा प्रयोग महानगरपालिकेने केला. एका दिवसाचा प्रयोग उत्सव ठरतो. त्यावरून वर्षभराचे अनुमान काढता येत नाही. सलग काही आठवडे, आधी आणि नंतर, विक्री आणि पावले दोन्ही मोजली तरच व्यापाऱ्याला समाधानकारक उत्तर देता येते.

सातारा नगरपालिका आणि सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका यांनी पेठेतील एकही रस्ता रुंद करण्यापूर्वी, एकही वाहनतळ हलवण्यापूर्वी आणि अतिक्रमणविरोधी एकही मोहीम काढण्यापूर्वी, जाणाऱ्यांबरोबरच थांबणाऱ्यांचीही मोजणी एका साध्या दिवशी, एका बाजाराच्या दिवशी, लग्नसराईत आणि दिवाळीच्या आठवड्यात करून घ्यावी, ते आकडे लोकांसाठी खुले ठेवावेत, आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या स्थानिक संस्थांतील विद्यार्थ्यांना त्यांवर काम करू द्यावे. या कामासाठी लागणारी साधने म्हणजे टेप, घड्याळ, नकाशा आणि चार विद्यार्थी; त्याहून अधिक खर्चाची तरतूद पहिल्या वर्षी लागत नाही.